होल्डन आणि फोर्ड : ऑस्ट्रेलियन मोटारबाजारातील चढाओढ व गाड्यांच्या नमुन्यांची निवड

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ऑस्ट्रेलियन समाजजीवनाचे वर्णन करणाऱ्या लेखनात एका पक्षभेदाचा उल्लेख हटकून येतो. तो राजकीय नव्हे, धार्मिकही नव्हे. तो मोटारगाड्यांचा आहे. घराणे एक तर होल्डनचे असते, नाही तर फोर्डचे. आजोबांनी होल्डन घेतलेली असली तर नातवाने फोर्ड दारात आणून उभी करणे हा जणू कुलाचाराचा भंग ठरतो. आणि वर्षातून एकदा बाथर्स्ट येथील शर्यतीच्या वेळी दोन्ही पक्ष आपापली निशाणे घेऊन डोंगरउतारावर समोरासमोर उभे ठाकतात. हे चित्र खोटे नाही. तथापि त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, म्हणजे ऑस्ट्रेलियन ग्राहक निष्ठेने गाडी निवडीत असे आणि ती निष्ठा आटल्यामुळे तेथील मोटारउद्योग लयास गेला, तो तपासून घेण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, १९४८ ते २०१७ या कालखंडातील विक्रीचे मोठे चढउतार निष्ठेने घडविलेले नाहीत. कोणत्या आकाराची गाडी बनवावी आणि ती कोणासाठी बनवावी, याविषयी कंपन्यांनी घेतलेल्या निर्णयांनी ते घडविले. हे निर्णय घेताना दोन्ही कंपन्यांची दृष्टी एकमेकींवरच खिळून राहिली. परिणामी ज्या मैदानावर त्यांची झुंज चालली होती ते मैदानच आकसत आहे, ही गोष्ट पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्यांत पुष्कळ काळ दिसून आली नाही.

१

दोन्ही पक्षांचे मूळ प्रथम पाहिले पाहिजे. जेम्स अलेक्झांडर होल्डन या इंग्रज स्थलांतरिताने १८५६ साली अॅडलेड येथे घोड्यांची खोगिरे व चामड्याचे सामान यांचा व्यवसाय सुरू केला. पुढील पिढीत हे घराणे बग्ग्यांची आच्छादने आणि नंतर मोटारींचे सांगाडे बनवू लागले. पहिल्या महायुद्धात जहाजांवरील जागा दुर्मीळ झाली तेव्हा, १९१७ साली, ऑस्ट्रेलियन सरकारने तयार मोटारींच्या आयातीवर निर्बंध घातले. चासी बाहेरून आणावी आणि वरचा सांगाडा देशात बांधावा, अशी व्यवस्था त्यामुळे भाग पडली. खोगीरवाल्यांचे रूपांतर कारखानदारांत झाले ते या निर्बंधामुळे. महामंदीच्या तडाख्यात १९३१ साली हा व्यवसाय अमेरिकेच्या जनरल मोटर्सने विकत घेतला आणि ‘जनरल मोटर्स-होल्डन्स’ ही कंपनी अस्तित्वात आली.

फोर्डने १९२५ साली व्हिक्टोरिया राज्यातील जीलाँग येथे बस्तान मांडले. ही कंपनी डेट्रॉइटची नव्हे तर कॅनडातील फोर्ड कंपनीची उपकंपनी होती, कारण ब्रिटिश साम्राज्यांतर्गत मालाला जकातीत सवलत मिळे आणि कॅनडा साम्राज्यात होता. या संदर्भात मराठी वाचकाला एक गोष्ट जवळची वाटेल. याच कॅनडियन फोर्डने १९२६ साली मुंबईत आपली कंपनी काढली, आणि जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना उभारला. म्हणजे एकाच साम्राज्याच्या दोन बंदरांत, जवळजवळ एकाच वेळी, त्याच दोन कंपन्या त्याच हेतूने उतरल्या होत्या. पुढे मात्र वाटा फुटल्या. भारतात जकात आयोगाच्या १९५३ सालच्या अहवालानंतर निव्वळ सुटे भाग जुळविणाऱ्या कंपन्यांना येथे स्थान उरले नाही व दोघींनीही आपला गाशा गुंडाळला. ऑस्ट्रेलियात त्या राहिल्या, आणि राहिल्या इतकेच नव्हे तर राष्ट्रीय अस्मितेची चिन्हे बनल्या. हा फरक का पडला, याचे उत्तर १९४४ ते १९४८ या चार वर्षांत आहे.

२

दुसरे महायुद्ध संपत असताना ऑस्ट्रेलियन सरकारने संपूर्ण गाडी देशातच बनविण्याच्या योजना मागविल्या. जनरल मोटर्स-होल्डन्सचे व्यवस्थापकीय संचालक लॉरेन्स हार्टनेट यांनी या कल्पनेचा मोठ्या चिकाटीने पाठपुरावा केला. डेट्रॉइटने संमती दिली. पण भांडवल देण्यास नकार दिला. अखेर पैसा उभा राहिला तो ऑस्ट्रेलियातच : कॉमनवेल्थ बँकेने २५ लक्ष पौंड आणि बँक ऑफ अॅडलेडने ५ लक्ष पौंड कर्ज दिले. गाडीचा आराखडा तरी देशी असावा, असा हार्टनेट यांचा आग्रह होता. तोही मान्य झाला नाही. शेव्हरोलेसाठी अमेरिकेत तयार होऊन बाजूस पडलेल्या एका लहान गाडीचा आराखडा निवडण्यात आला. हार्टनेट कंपनी सोडून गेले.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी मेलबर्नजवळील फिशरमन्स बेंड येथे पंतप्रधान बेन चिफ्ली यांनी या गाडीचे अनावरण केले. तिचा अधिकृत क्रमांक ४८-२१५, किंमत करासह सुमारे ७३३ पौंड. सुमारे अठरा हजार लोकांनी गाडी डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच नावे नोंदविली होती. राजधानीच्या नावावरून ‘कॅनब्रा’ असे नाव देण्याचाही विचार झाला होता. ते राहिले आणि जुन्या खोगीरवाल्या घराण्याचे नाव गाडीला मिळाले. ही निवड फार मोलाची ठरली, असे मला वाटते. अमेरिकन मालकीच्या, अमेरिकन आराखड्याच्या गाडीला अॅडलेडच्या एका कुटुंबाचे नाव लाभले, आणि लोकांनी तिला आपली म्हटले.

पण ती केवळ नावामुळे खपली असे समजणे अन्यायाचे होईल. ब्रिटिश गाड्या लहान एंजिनाच्या व इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी बनविलेल्या होत्या. अमेरिकन गाड्या प्रशस्त, पण महाग व पेट्रोल अधिक पिणाऱ्या होत्या, शिवाय डॉलरची चणचण होती. होल्डन या दोहोंच्या बरोबर मध्ये बसली. सहा सिलिंडरांचे ६० अश्वशक्तीचे एंजिन, हलके वजन, जमिनीपासून पुरेशी उंची, धूळ-खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकणारा सांगाडा आणि सहा माणसांना बसण्याची सोय हे सर्व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला झेपेल अशा किमतीत मिळाले. ऑस्ट्रेलियन ग्राहकाला कोणत्या आकाराची गाडी हवी आहे, या प्रश्नाचे अचूक उत्तर होल्डनने १९४८ साली दिले, आणि पुढे सत्तर वर्षे तेथील सारी चढाओढ याच एका प्रश्नाभोवती फिरली.

१९५८ सालापर्यंत एकूण विक्रीतील चाळीस टक्क्यांहून अधिक हिस्सा एकट्या होल्डनचा झाला होता. १९५०च्या दशकाच्या मध्यास कंपनीचा वार्षिक नफा एक कोटी पौंडांच्या जवळ पोचला तेव्हा ऑस्ट्रेलियन बँकांच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या या उद्योगाचा लाभांश अमेरिकेस जातो, यावर वृत्तपत्रांत व संसदेत बरीच टीका झाली. ग्राहकांवर या टीकेचा परिणाम झालेला दिसत नाही. ‘ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी’ ही जाहिरात आणि परदेशी जाणारा लाभांश, दोन्ही एकाच वेळी सुखेनैव नांदत होती.

३

फोर्डपाशी या काळात होल्डनला उत्तरच नव्हते. ब्रिटिश झेफर ही तिची मध्यम गाडी. मेलबर्नच्या उत्तरेस ब्रॉडमेडोज येथील नवा कारखाना प्रथम हीच गाडी डोळ्यांसमोर ठेवून योजण्यात आला होता. शेवटच्या क्षणी बेत बदलून अमेरिकेतील नवी ‘फाल्कन’ निवडण्यात आली. सप्टेंबर १९६० मध्ये ती बाजारात आली. दिसण्यात ती होल्डनपेक्षा ठेंगणी, रुंद, आधुनिक. आणि विक्रीला आरंभीच उधाण आले. पण दोन गोष्टी आड आल्या. नोव्हेंबर १९६० मध्ये सरकारने पतपुरवठा आवळला व मोटारींवरील विक्रीकर तीस टक्क्यांवरून चाळीस टक्के केला. ही वाढ तीन महिन्यांतच मागे घेतली गेली, तरी बाजार गोठला तो गोठलाच. दुसरी अडचण अधिक खोल होती. अमेरिकन डांबरी रस्त्यांसाठी बनविलेल्या गाडीच्या पुढच्या चाकांचे सांधे ऑस्ट्रेलियाच्या कच्च्या वाटांवर निखळू लागले. दुरुस्त्या झाल्या, नवे नमुने निघाले, पण ‘फाल्कन मोडते’ हा लौकिक काही वर्षे तिच्या मागे लागला.

तो पुसण्यासाठी कंपनीने जो उपाय केला तो जाहिरातीच्या इतिहासात नोंदविण्यासारखा आहे. १९६५ साली बिल बर्क यांच्या पुढाकाराने जीलाँगजवळील यू यांग्ज टेकड्यांच्या पायथ्याशी, कंपनीच्या चाचणी-मार्गावर, पाच फाल्कन गाड्या अहोरात्र पळविण्यात आल्या. सर्वांचे मिळून ७०,००० मैल आणि सरासरी वेग ताशी सत्तर मैलांहून अधिक, असे उद्दिष्ट होते. काही गाड्या उलटल्या, पुन्हा सरळ करून पळविल्या गेल्या. वार्ताहर पाहत होते. आणि उद्दिष्ट पुरे झाले. योगायोग असा की त्याच वर्षी होल्डनने काढलेल्या एचडी या नमुन्याच्या पुढच्या पंख्यांची टोकदार घडण लोकांना रुचली नाही. फोर्डची गाडी चालू लागली ती या दोन घटनांनंतर. वडिलोपार्जित निष्ठा इतकी दृढ असती तर एका चाचणीने आणि एका कुरूप पंख्याने ती हलली नसती.

क्रायस्लरची व्हॅलियंट १९६२ पासून मैदानात होती व तिसरे स्थान राखून होती. ब्रिटिश लेलँडने १९७३ साली पी ७६ ही मोठी गाडी काढून चौथा प्रयत्न केला, पण त्याच्या पुढल्याच वर्षी तिचा सिडनीतील कारखाना बंद झाला. एवढ्या छोट्या बाजारात चार कंपन्यांनी एकाच आकाराची गाडी बनवावी हे मुळातच न परवडणारे होते.

बाथर्स्टच्या शर्यतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एकच मुद्दा मांडतो. शर्यतीचा नियम असा होता की, स्पर्धेतील गाडी ग्राहकाला विकली जाणारीच असली पाहिजे. त्यामुळे शर्यत जिंकण्यासाठी गाडी बनवावयाची आणि ती ठरावीक संख्येने विकावयाची, असा उलटा क्रम रूढ झाला. १९६७ साली फाल्कन जीटीने बाजी मारली; १९६८ व १९६९ साली होल्डनच्या मोनारोने; १९७० व १९७१ साली अॅलन मॉफट यांच्या फाल्कन जीटीएचओने; १९७२ साली पीटर ब्रॉक यांनी चालविलेल्या लहान होल्डन तोरानाने. १९७१ची जीटीएचओ केवळ तीनशेच्या सुमारास बनविली गेली. म्हणजे ज्या गाडीवरून दोन तट पडले ती गाडी रस्त्यावर जवळजवळ नव्हतीच. जून १९७२ मध्ये ताशी १६० मैल वेगाच्या गाड्या सामान्य रस्त्यांवर येणार, अशी बातमी वृत्तपत्रांनी छापताच गदारोळ उठला व तिन्ही कंपन्यांनी पुढचे नमुने रद्द केले. अभिमान मात्र राहिला. १९७०च्या दशकात होल्डनने फुटबॉल, मांसाच्या पॅटिस आणि कांगारू यांच्या पंक्तीत आपल्या गाडीला बसविणारे जाहिरातगीत प्रसृत केले, आणि ते राष्ट्रगीताइतके लोकप्रिय झाले. ते गीत शेव्हरोलेच्या अमेरिकन जाहिरातीत दोन-चार शब्द बदलून तयार केलेले होते!

याच काळातील आणखी एक घटना अशा लेखनात क्वचितच येते. १९७३ साली ब्रॉडमेडोजच्या फोर्ड कारखान्यात मोठा संप झाला. संपकऱ्यांत ग्रीस, इटली, युगोस्लाव्हिया आदी देशांतून आलेल्या स्थलांतरितांचा भरणा होता, आणि जुळणीच्या पट्ट्याचा असह्य वेग ही त्यांची मुख्य तक्रार होती. ‘आपली गाडी’ बनविणारे हात असे दूरदूरच्या देशांतून आलेले होते.

४

आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या निर्णयाकडे वळू. १९७१ ते १९७४ या काळात होल्डनचा एचक्यू हा नमुना ४,८५,६५० इतक्या संख्येने तयार झाला. कंपनीच्या दुसऱ्या कोणत्याही मालिकेला ही संख्या गाठता आली नाही. त्यानंतर अरब तेलबंदी आली, पेट्रोलच्या किमतीची चिंता सुरू झाली, आणि १९७८ साली फ्रेझर सरकारने देशी तेलाची किंमत जागतिक किमतीशी जोडली. मोठ्या गाडीचे दिवस संपले, असे मानण्यास सर्व कारणे उपस्थित होती. होल्डनने ते मानले. १९७८ च्या अखेरीस तिने कमोडोर ही गाडी आणली. जर्मनीतील ओपेल कंपनीच्या रेकॉर्ड गाडीवर ती बेतलेली होती व जुन्या किंग्जवुडपेक्षा पाच-सहा इंचांनी अरुंद होती. ‘व्हील्स’ मासिकाने तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट गाडीचा मान दिला. बांधणी, वळणावरील स्थैर्य, पेट्रोलचा खर्च या सर्व बाबतींत ती फाल्कनपेक्षा सरस होती, याविषयी जाणकारांत मतभेद नव्हता.

फोर्डने नेमके उलट केले. मार्च १९७९ मध्ये आलेल्या एक्सडी फाल्कनचे बाह्यरूप युरोपीय वळणाचे केले, वजन कमी केले, पण रुंदी तशीच ठेवली. मागच्या आसनावर तीन प्रौढ माणसे शेजारी शेजारी बसू शकली पाहिजेत, एवढी एक गोष्ट तिने सोडली नाही. त्याच वेळी लहान गाडीसाठी तिने जपानच्या माझदा कंपनीचा हात धरला व १९८१ साली लेझर ही गाडी काढली. होल्डनकडे मध्यम आकाराची कमोडोर आणि १९८२ पासून तिच्याहून थोडी लहान कॅमिरा होती. कॅमिराच्या बांधणीविषयी तक्रारी वाढत गेल्या. म्हणजे फोर्डने मोठा आणि छोटा असे दोन्ही टोकांचे ग्राहक घेतले. होल्डन मध्येच दोन पाय रोवून उभी राहिली.

१९८२ पासून पुढे कित्येक वर्षे फाल्कन ही ऑस्ट्रेलियातील सर्वाधिक खपाची गाडी होती. पेट्रोल महाग झालेले असताना मोठी गाडी अधिक का खपावी? उत्तर ग्राहकाच्या स्वरूपात सापडते. नवी मोठी गाडी विकत घेणारा मनुष्य आता कुटुंबप्रमुख राहिला नव्हता. टॅक्सीचालक, पोलीस, सरकारी खाती आणि कंपन्या हे खरे गिऱ्हाईक झाले होते, आणि पेट्रोलचा खर्च वापरणाऱ्याच्या खिशातून जात नव्हता. टॅक्सीवाल्याला तीन माणसांची रुंदी हवी होती. कंपनीच्या विक्रेत्याला दिवसाला चारशे मैल बसावयाचे होते. १९८६ साली नोकरीतील आनुषंगिक लाभांवर कर बसविण्यात आला तेव्हाही त्याची रचना अशी होती की, गाडी जितकी जास्त धावेल तितका कर कमी. मोठ्या देशी गाडीला यासारखा दुसरा आधार नव्हता. त्याच वर्षी जागतिक तेलाच्या किमती कोसळल्या आणि होल्डनच्या काटकसरीचे उरलेसुरले कारणही नाहीसे झाले.

होल्डनची अवस्था या वेळी फार बिकट झाली होती. १९८६च्या अखेरीस जनरल मोटर्सला सुमारे ७८ कोटी डॉलर ओतून तिची देणी भागवावी लागली. शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाल्यामुळे तिचे जुने एंजिन बाद झाले आणि त्याच वर्षीच्या कमोडोरमध्ये जपानच्या निसान कंपनीचे एंजिन बसविण्यात आले. ‘ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या गाडी’चे हृदय जपानी होते, आणि ती गाडी तिच्या चाहत्यांना आजही प्रिय आहे.

१९८८ साली होल्डनने आपला दहा वर्षांपूर्वीचा निर्णय मागे घेतला. व्हीएन कमोडोरसाठी ओपेलचा सांगाडा घेऊन तो मुद्दाम रुंद करण्यात आला आणि अमेरिकेतील ब्यूइकच्या घराण्यातले सहा सिलिंडरांचे एंजिन त्यात बसविण्यात आले. गाडीची घडण ओबडधोबड होती, तरी तीन माणसे मागे बसू शकत होती. हळूहळू टॅक्सी व कंपन्यांची गिऱ्हाइकी परत आली. १९९७ सालच्या व्हीटी कमोडोरने हे आवर्तन पुरे केले. पुढल्या वर्षी फोर्डने काढलेल्या एयू फाल्कनचे रूप लोकांना आवडले नाही, आणि १९९८ साली कमोडोरची विक्री चौऱ्याण्णव हजारांवर गेली. १९९६ ते २०१० अशी सलग पंधरा वर्षे कमोडोर ही सर्वाधिक खपाची गाडी राहिली.

हा सर्व क्रम निष्ठेच्या उपपत्तीने कसा उलगडावा? पाच-सहा इंच रुंदी कमी केली तेव्हा पहिला क्रमांक गेला. रुंदी परत आणली तेव्हा तो परत आला. निष्ठा होतीच, पण तिचा प्रदेश प्रेक्षागाराचा होता, गाड्यांच्या खरेदीची मागणीपत्रे भरणाऱ्या कचेरीचा नव्हे.

५

सलग पंधरा वर्षांचा पहिला क्रमांक ऐकून भरभराटीचे चित्र मनासमोर उभे राहते. म्हणून याच काळातील दुसरी नोंद शेजारी ठेवणे अगत्याचे आहे. २००३ पासून सर्व गाड्या मिळून एकूण विक्रीत पहिली कंपनी टोयोटा होती. म्हणजे होल्डन आणि फोर्ड यांतील थोरली कोण, यावर देश वाद घालीत असताना दोघींपैकी कोणीच थोरली उरली नव्हती. टोयोटाचा प्रवेश कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखा झाला नव्हता : १९५०च्या दशकाच्या अखेरीस स्नोई पर्वतातील धरणांच्या कामासाठी ठेकेदार लेस्ली थीस यांनी तिच्या लँड क्रूझर गाड्या मागविल्या, १९६३ पासून मेलबर्नमध्ये तिच्या गाड्या जुळविल्या जाऊ लागल्या, आणि पुढे तिने कॅम्री व कोरोला या गाड्यांच्या बळावर शांतपणे पाय पसरले. तिच्या बाजूने कोणी निशाण घेऊन उभा राहिला नाही. तिला त्याची गरजही पडली नाही.

सरकारी धोरणाकडेही येथे पाहणे अवश्य आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास आयात गाड्यांवर ५७.५ टक्के जकात होती, शिवाय आयातीचा कोटाही होता. उद्योगमंत्री जॉन बटन यांनी १९८४ साली जाहीर केलेल्या योजनेचा हेतू कंपन्या व नमुने यांची संख्या घटवून उरलेल्यांचे उत्पादन वाढविण्याचा होता. तर्क बिनतोड होता. परिणाम मात्र काही बाबतींत हास्यास्पद झाले. कंपन्यांनी नमुने खरोखर कमी करण्याऐवजी एकमेकींच्या गाड्यांवर आपापली नावे चिकटविली. निसानची पल्सर होल्डन अॅस्ट्रा झाली. फाल्कन यूट निसानच्या नावाने विकली गेली. होल्डनची कमोडोर ‘टोयोटा लेक्सन’ झाली. हे शेवटचे नाव १९८३ साली अमेरिका चषक जिंकणाऱ्या नौकेचे रचनाकार बेन लेक्सन यांचे होते. कोणाही ग्राहकाला हा प्रकार फसवू शकला नाही. तीच गाडी, त्याच कारखान्यात बनलेली, पण टोयोटाच्या चिन्हाखाली तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. होल्डनच्या चिन्हाखाली आलेल्या कोरोला व कॅम्री यांचीही गत तीच. माझ्या प्रतिपादनाविरुद्ध जाणारा हा पुरावा आहे, हे मान्य केले पाहिजे : येथे नावाचा प्रभाव निश्चित दिसतो. फक्त तो प्रभाव प्रेमाचा होता की, नावे बदललेल्या मालाविषयीच्या साहजिक संशयाचा, हे ठरविणे कठीण आहे. मला दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटतो.

जकात १९८८ साली ४५ टक्के, १९९२ साली ३५, २०००मध्ये १५, २००५ मध्ये १० आणि २०१० मध्ये ५ टक्के अशी उतरत गेली. २००५ पासून थायलंडशी मुक्त व्यापाराचा करार अमलात आला आणि तेथील कारखान्यांत बनणाऱ्या पिकअप गाड्या बिनजकात येऊ लागल्या. २०११च्या सुमारास ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्याही वर चढला, तेव्हा निर्यातीचा मार्ग बिकट झाला. होल्डनने पाँटिअॅक व शेव्हरोले या नावांनी आपल्या गाड्या अमेरिकेस पाठविण्याचा उद्योग केला होता. फाल्कन मात्र केवळ उजव्या सुकाणूची व जवळजवळ केवळ देशांतर्गत बाजारासाठी राहिली. फोर्डने २००४ साली काढलेली टेरिटरी ही उंच कौटुंबिक गाडी त्या काळाच्या मानाने दूरदृष्टीची होती. परंतु तिला डिझेल एंजिन मिळावयास २०११ उजाडले. तोवर कुटुंबे परदेशी उंच गाड्यांकडे वळली होती आणि एकट्याने प्रवास करणारे लहान गाड्यांकडे. २०११ साली कमोडोरला मागे टाकून माझदा ३ ही लहान गाडी पहिली आली.

पुढील घटना वेगाने घडल्या. मे २०१३ मध्ये फोर्डने, डिसेंबर २०१३ मध्ये होल्डनने आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. डिसेंबरमधील घोषणेच्या आदल्या दिवशी अर्थमंत्री जो हॉकी यांनी संसदेत कंपनीला उघड आव्हान दिले होते, आणि त्यामुळे होल्डन सरकारच्या उद्धटपणाने गेली असा एक पक्ष आजही मांडला जातो. एका दिवसाच्या भाषणाला इतके बळ देणे इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावे. निसानने १९९२ साली व क्रायस्लरचा वारसा घेतलेल्या मित्सुबिशीने २००८ साली कारखाने बंद केले होते. कमोडोर आणि फाल्कन दोन्ही एकाच जातीच्या गाड्या होत्या, एकाच आकसत्या गिऱ्हाइकीवर जगत होत्या, आणि प्रत्येकीचे उत्पादन एका आधुनिक कारखान्याला पुरेल इतके नव्हते. साठ-सत्तरच्या दशकांत ही जोडी टिकली ती जकातीच्या भिंतीआड.

७ ऑक्टोबर २०१६ रोजी ब्रॉडमेडोज व जीलाँग येथील फोर्डचे उत्पादन थांबले. २० ऑक्टोबर २०१७ रोजी होल्डनचे. होल्डनची शेवटची गाडी अॅडलेडच्या उत्तरेस असलेल्या एलिझाबेथ या नगरात बाहेर पडली. १९५०च्या दशकात वसविलेल्या आणि प्रामुख्याने ब्रिटिश स्थलांतरितांनी भरलेल्या या नगराचा सारा संसार त्या कारखान्यावर चालला होता. त्या दिवशी सुमारे साडेनऊशे कामगार दरवाजाबाहेर आले. बाहेर जमलेल्या गर्दीत जुन्या होल्डन घेऊन आलेले चाहते होते आणि त्यांत अश्रू ढाळणारेही होते. त्यांच्यापैकी कितींनी आयुष्यात नवी होल्डन शेवटची केव्हा विकत घेतली होती, हा प्रश्न त्या वेळी विचारणे निर्दयपणाचे ठरले असते, पण या विषयाच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. पुढे जर्मनीतून आयात केलेल्या गाडीला कमोडोर हे नाव देऊन पाहण्यात आले. ती खपली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सने होल्डन हे नावच मोडीत काढले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथील तिच्या कारखान्यातील उत्पादनही थांबले.

फोर्डची गोष्ट निराळ्या वळणाने पुढे गेली. १९३४ साली जीलाँगच्या कारखान्यातील तरुण रचनाकार ल्यू बँट यांनी पुढे मोटार व मागे उघडा हौदा अशी गाडी आखली होती. रविवारी चर्चला जाता यावे आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता यावीत, अशी मागणी एका शेतकऱ्याच्या पत्नीने पत्राने केली होती, असे परंपरा सांगते. ‘यूट’ या नावाने ती जात ऑस्ट्रेलियात रुजली. २०१६ साली टोयोटाची हायलक्स ही त्याच उपयोगाची गाडी देशात सर्वाधिक खपाची ठरली, आणि २०२३ साली फोर्डच्या रेंजरने तिला मागे टाकले. रेंजरचा आराखडा मुख्यतः मेलबर्नमधील फोर्डच्या अभियंत्यांनी केलेला आहे. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या बहुतेक रेंजर गाड्या थायलंडमध्ये बनतात.